मोहरीची दारू



मला सांगितलं होतं, 'तुझ्या कामाबद्दल थोडं बोल.' मी दारूबद्दल बोलणार आहे. पहिल्या रांगेतल्या आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंची आधीच माफी मागते. पण ऊर्ध्वपातन त्यांनीच शिकवलं होतं!

गेल्या हिवाळ्यात बॉस्टनच्या ऑफिसात मी लिहिलेली एक सिस्टिम बंद झाली. बारा वर्षं चालली. तिची पहिली ओळ माझी, रात्री अडीचला तिच्यासाठी उठणारीही मीच. बंद करायला चार सेकंद लागले. त्या संध्याकाळी माझा बॉस एक बाटली घेऊन आला. व्हर्माँटमधल्या शोरहॅमच्या व्हिसलपिगची, बारा वर्षं मुरलेली राय व्हिस्की. किंमत शंभर डॉलरच्या वर. म्हणाला, "हीसुद्धा तेवढ्याच वयाची आहे."

आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "राईची? मोहरीची दारू काढतात तिकडे?" तर तसं नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं, थंडीत तग धरणारं धान्य. अमेरिकेत राय व्हिस्कीत ते निदान ५१ टक्के लागतं, आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते.

बाई, पिंपात काय होतं ते मी वाचून काढलं. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन मिळतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. दरवर्षी थोडी उडूनही जाते. तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. या बाटलीतली तर पुढे आणखी काही काळ मदेरा, पोर्ट आणि सोटर्न या वाइनच्या जुन्या पिंपांत मुरवलेली होती. सोटर्न बुरशी धरलेल्या द्राक्षांची करतात, हे वाचून मला बरं वाटलं. का ते नका विचारू.

मी आयुष्यात पहिल्यांदाच व्हिस्की प्यायले. पहिला घोट म्हणजे खोकल्याचं औषध. चार थेंब पाणी घातल्यावर मिरी आली, लवंग आली, मग काळ्या मनुका, अगदी शेवटी मध. आजीच्या मसाल्याच्या डब्याशेजारी कुणी गुळाचा पाक करत असावं, तसं काहीतरी.

आणि मला एकदम राग आला. बाटलीवर वय लिहितात ते किंमत वाढावी म्हणून. मी मात्र त्याच महिन्यात, नवं काम शोधावं लागेल या धास्तीने, बायोडेटातून पदवीचं वर्ष काढून टाकलं होतं. बॉसला हे बोलून दाखवलं. तो गप्प बसला. जाताना उरलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेला.

काम मिळालं, त्याच कंपनीत, दुसऱ्या टीममध्ये. माझ्या शेजारचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. पदवीचं वर्ष अजून परत लिहिलेलं नाही. इथे लपवून उपयोग नाही, तुम्ही सगळे माझ्याच हजेरीपटावरचे.

अर्धी बाटली घरी आहे. शाळेच्या फाटकातून आणायची हिंमत झाली नाही. कुणी बॉस्टनला आलात तर या. बाई, तुम्हीसुद्धा. तुमच्यासाठी चहा आहे.