गर्भाशयातील गाठ : निदानातील दक्षता



गर्भाशयाच्या स्नायूंत होणाऱ्या गाठी स्त्रियांमध्ये अतिशय सामान्य आहेत. त्यांना फायब्रॉइड म्हणतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु याच स्नायूंतून क्वचित लायोमायोसार्कोमा नावाचा घातक कर्करोगही उद्भवतो. अतिरिक्त रक्तस्राव, ओटीपोटात जडपणा व वेदना ही लक्षणे मात्र दोहोंची सारखीच असतात.

सोनोग्राफीत या गाठी एकसारख्या दिसू शकतात. एमआरआयने संशय बळावतो, निश्चिती होत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासला, तरी स्नायूंत खोलवर असलेली गाठ हाती न लागण्याचा संभव असतो. अखेरचा निर्णय विकृतिशास्त्रज्ञाचा. पेशींचे विकृत रूप, त्यांच्या विभाजनाचे प्रमाण आणि गाठीतील मृत भाग या तीन गोष्टी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. काही गाठी या कसोट्यांवर ना निरुपद्रवी ठरतात, ना घातक. अशा रुग्णांवर दीर्घकाळ देखरेख ठेवावी लागते.

म्हणूनच शस्त्रक्रियेची पद्धत महत्त्वाची ठरते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी गाठीचे यंत्राने तुकडे केले जात. गाठ कर्करोगाची असल्यास त्यामुळे तिच्या पेशी पोटात पसरतात. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला असा छुपा कर्करोग असू शकतो, असा अंदाज वर्तवून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राच्या वापराविरुद्ध इशारा दिला. संशय असेल तेथे गर्भाशय अखंड काढणे, हाच मुख्य उपचार होय. तरुण रुग्णाचा रोग गर्भाशयापुरताच मर्यादित असल्यास बीजकोश राखण्याचा विचार करता येतो. रोग पसरला असल्यास डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे दिली जातात.

भगिनींनो, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला किंवा गाठ वाढू लागली, तर दुखणे अंगावर काढू नका. आणि 'पिशवी काढली, आता सुटले' एवढ्यावर समाधान मानू नका. काढलेली गाठ वा पिशवी तपासणीसाठी पाठविली का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. अहवाल समजून घ्या आणि जपून ठेवा. पुढील उपचारांची दिशा त्या एका कागदावर अवलंबून असते.