यंत्र घडविणाऱ्याची जबाबदारी



मळणीयंत्रात मजुराचा हात गेला की गावात पहिला शब्द उमटतो तो 'बेसावध होता' असा. आमचे आजचे म्हणणे एवढेच की, हा शब्द उच्चारण्यापूर्वी ते यंत्र कोणी आणि कसे घडविले हे पाहिले पाहिजे.

मळणीयंत्राचा ड्रम मिनिटाला शेकडो फेरे घेतो. पेंढी दात्यांत सापडली की झपाट्याने ओढली जाते आणि मूठ सुटण्यापूर्वीच हात तिच्यामागे जातो. त्यात ओला काड, धुरळा आणि रात्रीचे जागरण. तेथे सावधपणा कितीसा पुरणार? उपाय मात्र साधा आहे. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सारण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि त्यांपैकी ४५ सेंटिमीटर भागावर झाकण हवे. आपल्या जुन्या मापाने ४५ सेंटिमीटर म्हणजे एक हात, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत! ज्याने हे माप ठरविले, त्याने मजुराचा हात डोळ्यांसमोर ठेवला होता.

हा विचार कायद्यात सावकाश आला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्राला कठडा घालण्याचा भार मुख्यतः कारखानदारावर टाकला. विकणाऱ्याला त्याच्या २६ व्या कलमाने बांधले: फिरत्या दांड्यावर वर आलेला स्क्रू वा बोल्ट बुडविलेला किंवा झाकलेला नसेल, तर असे यंत्र कारखान्यासाठी विकणे हाच गुन्हा. १९८४ साली भोपाळची दुर्घटना झाली आणि १९८७ च्या दुरुस्तीने आराखडा करणारा, घडविणारा, आयात करणारा आणि पुरविणारा हे सारेच जबाबदार ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी २०२० ची संहिता आली. तिच्या आठव्या कलमातही हे कर्तव्य आहे.

पण शेत म्हणजे कारखाना नव्हे. हट्ट्याच्या शिवारात सोयाबीन मळणारी टोळी या कलमांच्या बाहेर पडते. तिच्यासाठी धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ आहे. विजेवर वा इंजिनावर चालणारे मळणीयंत्र हे त्यातले पहिले 'धोकादायक यंत्र'. ते घडविण्यास व विकण्यास परवाना लागतो आणि यंत्र मानकाप्रमाणे असावे लागते.

मग अपघात का होतात? झाकणाची पन्हळ काढली की पत्रा वाचतो, यंत्र स्वस्त पडते आणि घास भराभर घालता येतो. घडविणारा म्हणतो, गिऱ्हाईकच असे मागते. गिऱ्हाईक म्हणते, बाजारात असेच मिळते. दोघांचे वाचलेले पैसे फेडतो तो तिसराच, जो त्या व्यवहारात नव्हता.

एक सावधगिरी सांगतो. १९८७ च्या दुरुस्तीतच अशी वाट होती की, सुरक्षिततेची व्यवस्था आपण करू असे वापरणाऱ्याने लेखी दिले, तर घडविणारा त्यापुरता मोकळा होई. म्हणून न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. यंत्र घेताना टेप बरोबर न्या, पन्हळ मोजा, घडविणाऱ्याचे नाव-पत्ता असलेली पाटी पाहा, परवाना विचारा. भाड्याने मळणी करून घेणाऱ्यांनीही हेच करावे, आणि टोळीने झाकण नसलेल्या यंत्रावर उभे राहण्यास नकार द्यावा.

कायदा आपल्या पायांनी शेतात येत नाही; त्याला बोलावून आणावे लागते. ते काम मजुराइतकेच आपणा गावकऱ्यांचेही आहे.