धांवता पट्टा आणि मोकळा रस्ता

धांवणें ही मनुष्याची अत्यंत प्राचीन विद्या आहे. ती शिकविण्यासाठीं शाळा काढावी लागत नाहीं. मूल चालूं लागलें कीं थोड्याच दिवसांत तें धांवूंहि लागतें. परंतु एकाच जागीं राहून कोसच्या कोस धांवण्याची युक्ति मात्र यंत्रयुगानें दिलेली आहे. शहरांतील व्यायामशाळांतून, ज्यांना आतां सर्रास जिम म्हणतात, आणि कित्येक घरांतूनहि ट्रेडमिल नांवाचा धांवता पट्टा आज दृष्टीस पडतो. पायांखालीं पट्टा मागें सरकत असतो, माणूस पुढें धांवत असतो, आणि अर्ध्या तासानें दोघेहि जेथल्या तेथेंच असतात. हें पाहून जुन्या वळणाचे लोक हंसतात व ‘हें कसलें धांवणें?’ असें विचारतात. उलट पट्ट्यावर धांवणारा म्हणतो, ‘बाहेर धूळ, खड्डे, कुत्रीं आणि मोटारी, तेथें पाय कोणी मोडून घ्यावा?’ या वादांत खरें कोणाचें, हें विनोदावर न सोडतां नीट तपासून पाहणें इष्ट आहे. कारण अनेकांचें आरोग्य या निवडीशीं निगडित असतें.

या यंत्राचा पूर्वेतिहास फारसा गौरवाचा नाहीं. इंग्लंडांतील विल्यम क्यूबिट नांवाच्या इंजिनियरानें १८१८ सालीं कैद्यांना कामास जुंपण्यासाठीं पायऱ्यांचें एक लांबलचक चाक योजिलें. दांड्याला धरून कैद्यांनीं पायरीमागून पायरी चढावी, चाक फिरत राहावें, आणि वर मात्र कोणींहि पोंचूं नये, अशी त्याची रचना होती. कोठें त्यावर धान्य दळलें जाई, कोठें पाणी उपसलें जाई, आणि कोठें नुसता वाराच दळला जाई. प्रख्यात साहित्यिक ऑस्कर वाइल्ड याला १८९५ मध्यें सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हां त्याच्याहि वांट्याला तें चाक आलें. १८९८ च्या कायद्यानंतर ही प्रथा ब्रिटनमधून नाहींशी झाली.

पुढें याच कल्पनेला वैद्यकानें नवें रूप दिलें. अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनीं १९६३ सालीं पट्ट्यावरील हृदयपरीक्षेची एक पद्धति प्रसिद्ध केली. तींत दर तीन मिनिटांनीं पट्ट्याचा वेग व चढ वाढवितात आणि त्याच वेळीं हृदयाचा विद्युत्-आलेख घेतात. आपल्याकडील रुग्णालयांत टी.एम.टी. म्हणून जी परीक्षा सांगतात ती हीच. विश्रांतींत निर्दोष वाटणारें हृदय श्रमाखालीं कसें वागतें, हें तींत कळतें. नंतर १९६८ सालीं डॉ. केनेथ कूपर यांचें ‘एरोबिक्स’ हें पुस्तक निघालें. तें वाचून विल्यम स्टॉब या इंजिनियरानें घरांत ठेवतां येईल असा पट्टा तयार केला. हा गृहस्थ २०१२ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं वारला. कैद्याची शिक्षा, रोग्याची कसोटी आणि गृहस्थाचा व्यायाम, अशीं तीन स्थित्यंतरें या यंत्रानें पाहिलीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं या. पट्टा आपण होऊन पाय मागें ओढतो, म्हणून धांवणाराला मेहनत पडत नाहीं, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. एकसारख्या वेगानें जाणाऱ्या आगगाडींत चेंडू वर फेंकला तर तो फेंकणाराच्याच हातांत परत येतो. गाडी चालली आहे म्हणून तो मागें राहात नाहीं. पट्ट्याचाहि न्याय तोच. पट्ट्याचा वेग कायम असेल तर त्यावर धांवणें आणि जमिनीवर धांवणें यांत यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें भेद नाहीं, हें व्हान इंगेन शेनाउ या डच संशोधकानें १९८० सालीं दाखवून दिलें. मोटर दुर्बळ असेल तर प्रत्येक पावलागणिक पट्टा किंचित् अडखळतो, एवढाच तेथें अपवाद.

खरा भेद आहे तो हवेचा. बाहेर धांवणारा हवा कापीत जातो; पट्ट्यावरील माणसाभोंवतींची हवा स्थिर असते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं पुढें या विरोधाचें मोजमाप केलें. त्याची भरपाई कशी करावी, हें जोन्स व डाउस्ट या संशोधकांनीं १९९६ सालीं सांगितलें. तासाला सुमारें साडेदहा ते अठरा किलोमीटर या वेगांत पट्ट्याला शेंकडा एक इतका चढ दिला असतां दोहोंकडील श्रम सारखे होतात, असें त्यांना आढळलें. मात्र याचा अर्थ प्रत्येकानें चढ लावलाच पाहिजे असा नव्हे. तासाला सात-आठ किलोमीटरच्या मंद गतीनें धांवणाऱ्याला हवेचा विरोध इतका अल्प असतो कीं त्याची भरपाई करण्याचें कारण नाहीं.

मग दोन्हीं सारखींच म्हणावयाचीं काय? तसेंहि नाहीं. पट्टा सपाट, मऊसर आणि एकसारखा असतो. त्यावर पाऊल किंचित् अधिक सपाट पडतें, आणि हजारों पावलें एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं होतात. रस्त्यावर कोठें खडा लागतो, कोठें वळण येतें, कोठें रस्ता एका बाजूला कललेला असतो. घोटा, पोटरी आणि कंबर यांना क्षणोक्षणीं तोल सांवरावा लागतो. हा तोल सांवरण्याचा अभ्यास पट्ट्यावर जवळजवळ होतच नाहीं, आणि उतारवयांत पडण्यापासून जपणारी मुख्य शक्ति तर हीच होय.

उताराची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. बहुतेक पट्टे चढ देतात. उतार थोडेच देतात. उतारावर मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच शरीराला आवर घालीत असतात. या कामाची संवय नसली तर दुसऱ्या दिवशीं जिना उतरणेंहि कठीण होतें. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या चढउताराच्या वाटेवर धांवण्याचा ज्याचा बेत आहे, त्यानें महिनोन् महिने केवळ पट्ट्यावर तयारी केली, तर त्याचें हृदय सिद्ध असेल, पण मांड्या सिद्ध नसतील. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवच्या अविनाश साबळे यानें २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. त्या शर्यतींत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. असें कौशल्य कोणताहि पट्टा शिकवूं शकत नाहीं.

तथापि पट्ट्याला हिणविण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील ख्रिस्टीन क्लार्क या डॉक्टरबाई अलास्कामधील अँकरेज येथें राहात. तेथील हिमाच्छादित हिंवाळ्यांत त्यांनीं आपली पुष्कळशी तयारी घरांतील पट्ट्यावर केली. २००० सालच्या फेब्रुवारींत ऑलिंपिकसाठीं मॅरेथॉनची निवड-शर्यत साउथ कॅरोलायनांतील कोलंबिया येथें झाली. त्या दिवशीं हवा उष्ण होती. अनेक नामांकित स्त्रिया मागें पडल्या, आणि क्लार्कबाई २ तास ३३ मिनिटें ३१ सेकंदांत पहिल्या आल्या. बंद खोलींत वारा नसल्यानें घाम लवकर वाळत नाहीं व शरीर अधिक तापतें. पट्ट्याचा हा एरवींचा दोष त्यांना त्या दिवशीं उपयोगी पडला असावा. इतरांनीं मात्र पट्ट्यासमोर पंखा ठेवणें आणि पाणी जवळ असूं देणें हेंच योग्य.

पट्ट्याशिवाय गत्यंतरच नाहीं, अशीहि एक जागा आहे. ज्यांचे वडील गुजराथचे, त्या सुनीता विल्यम्स यांनीं १६ एप्रिल १९३१ नव्हे, तर याच शतकांत, १६ एप्रिल २००७ रोजीं अंतराळस्थानकांतील पट्ट्यावर, अंगाला पट्टे बांधून, बोस्टन मॅरेथॉनचें ४२ किलोमीटरांवरील अंतर सुमारें चार तास चोवीस मिनिटांत पुरें केलें. वजनरहित अवस्थेंत कमरेच्या भागांतील अस्थींचा दर महिन्यास शेंकडा एक ते दीड इतका ऱ्हास होतो. तेथें व्यायाम हा छंद नसून रोजचें औषध असतें.

पृथ्वीवरहि कांहीं प्रसंग असेच असतात. विश्रांतींत मनुष्य मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो; जोरानें धांवतांना ती साठ लिटरांच्याहि वर जाते. अर्थात् दूषित हवेचा भारहि त्याच मानानें वाढतो. आपल्या देशाच्या वायुगुणवत्ता निर्देशांकांत २०० च्या वरची हवा ‘वाईट’ आणि ४०० च्या वरची ‘गंभीर’ समजतात. हिंवाळ्यांत दिल्लीला असे दिवस वारंवार येतात. अशा दिवशीं आंत धांवणेंच शहाणपणाचें. मात्र खोलीची खिडकी रहदारीच्या रस्त्यावर उघडी असेल तर ‘आंत’ या शब्दाला अर्थ राहात नाहीं. पहाटेच्या अंधारांत एकटीनें बाहेर पडणें जिला सुरक्षित वाटत नाहीं अशी स्त्री, मुसळधार पावसांत अडकलेला कोंकणांतील मनुष्य, आणि हृदयविकारानंतर वैद्याच्या देखरेखीखालीं हळूहळू पुन्हां चालूं लागलेला रोगी, यांनाहि पट्टा हाच आधार. त्यांच्यापुढें निवड पट्टा कीं रस्ता अशी नसतेच. ती पट्टा कीं खाट अशी असते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोरकस व्यायाम सांगितला आहे. तो कोठें करावा, याचें बंधन त्यांत नाहीं. बंधन आहे तें सातत्याचें. आणि येथेंच पट्टा पुष्कळदां हरतो. मोठ्या हौसेनें विकत घेतलेल्या यंत्राच्या दांड्यावर वर्षाअखेर टॉवेल वाळत पडलेले दिसतात. रस्त्यावर पहांट, झाडें, भेटणारीं माणसें यांच्या संगतींत वेळ निघून जातो. पट्ट्यासमोरच्या आंकड्यांकडे पाहतांना एकेक मिनिट मोठें होतें.

तेव्हां ज्यांना शक्य आहे त्यांनीं आठवड्यांतील बहुतेक दिवस मोकळ्या हवेंत, आणि मिळाल्यास मातीच्या वाटेवर धांवावें. हवा, अंधार, पाऊस किंवा प्रकृति आड येईल त्या दिवशीं पट्ट्याचा आश्रय घ्यावा. पट्ट्यावर धांवतांना सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवावी, दांडा सतत धरून ठेवूं नये, आणि यंत्र चालूं असतांना मुलांना जवळ येऊं देऊं नये. पट्ट्यावरून रस्त्यावर येणाऱ्यानें पहिले कांहीं आठवडे अंतर कमी ठेवावें, म्हणजे घोटे व पोटऱ्या यांना जमिनीची ओळख होईल. चाळिशी उलटलेल्या, किंवा छातींत दुखणें, धाप लागणें यांचा अनुभव असलेल्या माणसानें मात्र दोहोंपैकीं कोणताहि मार्ग धरण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.