पिस्तूल शूटिंग सुरू करायचंय? आधी माझ्या मावसभावाच्या उशीची गोष्ट ऐका

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल, जिथे असाल तिथे आवाज जरा वाढवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं आणि तेव्हापासून माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. “दादा, तू शूटिंग करतोस ना? पिस्तूल कुठलं घेऊ? लायसन्स कसं काढू? कमरेला लावून फिरता येतं का?” स्वप्निलचा प्रकार रायफलचा, पण लोक मला विचारतात पिस्तुलाबद्दल, कारण मी पिस्तूल मारतो. मारतो म्हणजे दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी रेंजवर जातो. चॅम्पियन वगैरे काही नाही. राज्य स्पर्धेत मधल्या यादीत नाव सापडतं, तेवढाच.

तर आज सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. पण आधी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

उशीची गोष्ट

मी एअर पिस्तूल घेऊन चार महिने झाले होते. मी आणि माझा मावसभाऊ हिंजवडीत टू बीएचकेमध्ये राहायचो. घरी मी रोज ड्राय फायर करायचो. ड्राय फायर म्हणजे छर्रा न घालता, हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव. त्यासाठी माझ्या पिस्तुलाला वेगळा खटका आहे. भिंतीवर कागदाचा काळा ठिपका चिकटवायचा आणि रोज शंभर वेळा ट्रिगर. हा सराव खरंच उत्तम आहे, चूक त्यात नव्हती.

त्या दिवशी रेंजवर शेवटची सीरिज चालू असताना ऑफिसचा फोन आला. प्रॉडक्शन डाउन. मी घाईघाईत पिस्तूल केसमध्ये टाकलं आणि निघालो. रात्री अकरा वाजता सगळं निस्तरल्यावर डोकं शांत करायला पिस्तूल काढलं. ड्राय फायरचा खटका लावलाय असं मला वाटलं. नळी रिकामी आहे असंही वाटलं. ठिपका होता भावाच्या खोलीच्या भिंतीवर, कारण तिथे उजेड चांगला पडायचा. त्याचा पलंग त्याच भिंतीला लागून. तो पाणी प्यायला उठला होता.

फट्.

आवाज फार मोठा नव्हता. प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा त्याच्यापेक्षा मोठी. मी खाली बघितलं तर उशीला भोक. जिथे पंधरा सेकंदांपूर्वी त्याचं डोकं होतं तिथे.

तो बाटली घेऊन दारात उभा होता. काही बोलला नाही. उशी उचलली, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, “हे खेळणं आहे म्हणाला होतास ना?”

हो, मीच म्हणालो होतो. घरमालकाला, आईला, त्याला, सगळ्यांना. “लायसन्स लागत नाही गं आई, खेळण्यासारखंच असतं.”

आता कायदा काय सांगतो ते बघा. आपल्याकडे ‘आर्म्स रूल्स २०१६’ आहेत. एअर गन ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची असेल आणि तिची ताकद २० जूलच्या आत असेल, तर शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, नोंद करतो, झालं. मॅचचं एअर पिस्तूल साधारण ताशी ५४० किलोमीटर वेगानं छर्रा फेकतं, म्हणजे सेकंदाला १५० मीटर. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. बारावीचं फिजिक्स लावा, साडेपाच जूलच्या आसपास येतं. मर्यादेच्या खूप खाली. पण डोळ्याला साडेपाच जूल खूप झाले. कायद्याची रेघ आणि धोक्याची रेघ एक नसते. आजच्या एपिसोडमधलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे वाक्य विसरू नका.

चार दिवस मी रेंजवर गेलो नाही. पाचव्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलणार. सर ओरडले नाहीत. त्यांनी माझं पिस्तूल काढून घेतलं आणि म्हणाले, “दोन आठवडे तू मारायचं नाहीस. तू फक्त दुसऱ्यांच्या नळ्या तपासायच्या.” मग दोन आठवडे मी प्रत्येक लेनवर जाऊन नळी रिकामी आहे का ते बघत होतो. आठवी-नववीतली पोरं माझ्याकडे बघून हसायची. त्या दोन आठवड्यांत किमान तीनदा मला नळीत छर्रा सापडला. तिघंही म्हणाले, “रिकामं आहे दादा.”

आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो, अझम्प्शनवर कोड चालवू नका. माझ्या चुका मोजल्या तर तीन होत्या. निघताना नळी तपासली नाही. सेफ्टी फ्लॅग घातला नाही. तो रंगीत प्लास्टिकचा दोरा नळीत आरपार घातला की छर्रा नाही याची डोळ्यांना खात्री पटते, आणि किंमत चहा-वडापावएवढी. आणि तिसरी, ज्या दिशेला माणूस असू शकतो त्या दिशेला नळी धरली. तिन्हींपैकी एकही गोष्ट नीट केली असती तर उशी वाचली असती. म्हणून नियम एकावर एक रचलेले असतात. एक चुकला तर दुसरा वाचवतो.

आता प्रश्नांकडे येऊ.

पहिलं पिस्तूल कुठलं?

कुठलंच नाही. सीरियसली. पहिले दोन-तीन महिने क्लबचं पिस्तूल वापरा. परदेशी मॅच पिस्तुलं लाखाच्या वर जातात. अनेकांचा हौसेचा जोर तिसऱ्या महिन्यात संपतो आणि मग पिस्तूल ओएलएक्सवर टाकायची वेळ येते.

घ्यायची वेळ आली तर ब्रँडच्या आधी मूठ बघा. ग्रिप हातात चपखल बसली पाहिजे. डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा. पुढची माशी आणि मागची खाच आपोआप एका रेषेत आली तर ग्रिप तुमची. नाही आली तर ग्रिप घासून, पुट्टी लावून बसवावी लागते. १० मीटरच्या स्पर्धेचे नियमही लक्षात ठेवा: वजन दीड किलोच्या आत आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. सेकंड हँड घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी नको.

आणि महागड्या पिस्तुलानं स्कोअर वाढत नाही हे गणितानं सांगतो. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं. तिथे १ मिलिमीटरची चूक झाली तर १० मीटरवर ती ३१ मिलिमीटर होते. दहाचं वर्तुळ आहे फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीनं तुम्ही दहावरून थेट सहा-सातवर. म्हणून नजर टार्गेटवर नाही, माशीवर ठेवायची. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. हे कळायला मला सहा महिने लागले.

छर्रे आणि काडतुसं

एअर पिस्तुलाला सपाट तोंडाचे छर्रे घ्या. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, मार्क वाचायला सोपं जातं. टोकदार छर्रे टार्गेटसाठी नाहीत. डब्यावर ४.४८, ४.४९, ४.५० असे आकडे असतात, तो छर्‍याच्या डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला वेगळा मानवतो. सुरुवातीला त्यात अडकू नका. तुमचा हातच पाच सेंटिमीटर हलतोय, शतांश मिलिमीटरनं काय होणार!

छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणानं हात धुवा, मगच डब्याला हात लावा. रेंजवर बसून छर्‍याच्या हातानं वेफर्स खाणारे मी बघितलेत. मीसुद्धा त्यातलाच होतो.

पुढची पायरी पॉइंट टू टू, म्हणजे २५ मीटरचं स्पोर्ट्स पिस्तूल. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये याच प्रकारात गोल्ड जिंकलं. इथे मात्र खरं काडतूस आलं, बारूद आली आणि परवाना आला. एक टीप: या काडतुसाचा दारूगोळा पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचा घोडा वारंवार आपटला तर फायरिंग पिन नळीच्या काठावर बसून नुकसान होऊ शकतं. ड्राय फायर करायचं तर आधी सरांना विचारा.

परवाना कसा मिळतो?

‘आर्म्स अ‍ॅक्ट १९५९’ प्रमाणे वय २१ पूर्ण हवं. नेमबाजीच्या सरावासाठी लहान खेळाडूंना देखरेखीखाली वेगळी सवलत आहे, ती क्लबमार्फत. अर्ज पुण्या-मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. फॉर्म ए-वन, सोबत मेडिकल सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. मग पोलीस पडताळणी. शेजाऱ्यांनाही विचारतात, तेव्हा पार्किंगची भांडणं आधी मिटवा. [हसतो]

खेळासाठी अर्ज करताना तुमची स्पर्धांची सर्टिफिकेटं आणि असोसिएशनची मेंबरशिप बोलते. म्हणून क्रम असा: आधी एअर पिस्तूल, मग स्पर्धा, मग परवाना. उलटा क्रम लावणाऱ्यांच्या फाइली फिरत राहतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. काडतुसं एका वेळी किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. ९ एमएम तर विसराच, ते प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला मिळत नाही.

आणि कुणी एजंट म्हणाला, “भाऊ, दुसऱ्या राज्यातून ऑल इंडिया लायसन्स काढून देतो,” तर फोन ठेवा. विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. गावी आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर असेल तर तेही बघा. परवाना आजोबांचा होता, बंदुकीबरोबर वारशानं येत नाही. वारसानं स्वतः अर्ज करायचा आणि तोवर शस्त्र जमा करायचं.

आणि कमरेला लावून फिरणं?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. स्पष्ट सांगतो. खेळासाठीचा परवाना खेळासाठी आहे. घर ते रेंज, रेंज ते घर, बंद केसमध्ये, रिकामं, काडतुसं वेगळी. परवाना कुठल्या भागात चालतो तेही त्यावर लिहिलेलं असतं. जिल्हा, राज्य की देश, ते स्पर्धेला जाण्याआधी वाचा. स्वसंरक्षणाचा परवाना वेगळा, त्यासाठी जिवाला खरा धोका आहे हे दाखवावं लागतं. “रात्री उशिरा ऑफिसवरून येतो” हे कारण पुरत नाही. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा खेळाडू म्हणून सूट हवी असेल तर आधीच कागद तयार ठेवा. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एअर पिस्तुलालाही हेच नियम लावा, कायदा मागत नसला तरी. विमानात ते केबिन बॅगेत कधीच नाही, एअरलाइनला आधी कळवून चेक-इनमध्ये द्यायचं. बसमध्ये, कॅफेत बाहेर काढायचं नाही. लांबून बघणाऱ्याला ते एअर पिस्तूल आहे हे कळत नाही. आणि कृपा करून रील बनवू नका. पोलीस लाइक करायला येत नाहीत.

शेवटी एवढंच. भाऊ आता बंगळुरूला असतो. आमचं नातं तुटलं वगैरे नाही, पण ती उशी त्यानं टाकली नाही. मी त्याच्याकडे राहायला गेलो की मला तीच देतो. काही बोलत नाही. मी झोपताना तिची बाजू फिरवतो, भोक खाली जातं.

रोज रात्री केस बंद करताना मी अजूनही मोठ्यानं म्हणतो, “नळी बघितली, फ्लॅग घातला.” शेजारचे मला येडा समजत असतील. समजू देत.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हा एपिसोड त्या मित्राला पाठवा जो म्हणतो, “अरे, नुसती एअर गन आहे.” भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या!