शेतातले सोयाबीन आणि घरातला टोफू



या व्यासपीठावर साहित्य, राज्यकारभार, अध्यात्म असे भारदस्त विषय येतात. तेथे आज आम्ही चुलीवरची एक कृती घेऊन उभे आहोत. विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. टोफू हा पदार्थ परक्यांचा, मोठ्या दुकानांत प्लॅस्टिकच्या डब्यात मिळणारा आणि खिशाला जड. त्याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. टोफूला लागणारे धान्य आपल्या शेतात पिकते, अवजारे आपल्या घरात आहेत आणि लागणारी कसबही आपल्या हातांत पिढ्यान्पिढ्या आहे. ही तिन्ही एकत्र आली नाहीत, एवढेच.

प्रथम धान्याची गोष्ट. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्यात मैलोगणती सोयाबीनच दिसते. त्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. आपण काय करतो? तेल काढून घेतो आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला अगर परदेशी धाडतो. भाव पडला की शेतकरी पोती घरात थांबवून ठेवतो, आणि त्याच घरात डाळ मात्र दुकानातून मोजून येते, हे चित्र आम्ही पाहिले आहे. धान्य उंबऱ्याच्या आत आहे, पण ताटात नाही.

हे ताटात आणण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग चालवले होते आणि ‘हरिजन’मधून त्यांविषयी लिहिलेही होते. दाणे भिजवून, शिजवून जेवणात वाढीत. तरीही सोयाबीन घरोघर रुजले नाही. याचे एक कारण आम्हांस असे वाटते की, हा दाणा तुरीसारखा वागत नाही. तो लवकर शिजत नाही, शिजला तरी डाळीसारखा मिळून येत नाही आणि त्याला एक उग्र वास असतो. चिनी आणि जपानी लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. त्यांनी दाण्याचे रूपच पालटले. कोणी त्याला आंबवले, तर कोणी त्याचे दूध काढून गोठवले. टोफूचा लिखित उल्लेख चीनमध्ये दहाव्या शतकातला सापडतो. जपानात तर १७८२ साली टोफूच्या शंभर पाककृतींचे पुस्तक निघाले. गरिबाचे धान्य घेऊन त्यांनी शंभर तऱ्हा केल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता कृती ऐका. पाव किलो सोयाबीन घ्या. ते खाण्यासाठी विकले जाणारे असावे. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, ते कदापि घेऊ नये. दाणे रात्रभर भिजत घाला. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबते, म्हणून सहासात तास पुरेत, आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. सकाळी ते पाणी टाकून दाणे ताज्या पाण्याबरोबर मऊ वाटा. मिक्सर असेल तर मिक्सर, नसेल तर पाटावरवंटा. दाणा थंड पाण्यात फुटून पडून राहिला की उग्र वास वाढतो. म्हणून सव्वा लिटर पाणी आधीच उकळत ठेवावे आणि वाटण लगेच त्यात सोडावे. पातेले मोठे हवे, कारण हे दूध गाईच्या दुधापेक्षाही धूर्त आहे. पाठ फिरली की उतू जाते. पातेले पितळेचे असेल तर कल्हई शाबूत हवी, कारण पुढे लिंबू पडायचे आहे.

मग ज्या पंच्यात आपण श्रीखंडाचा चक्का टांगतो, त्याच पंच्यातून ते गाळा आणि हात सांभाळून पिळा. खाली आलेले दूध पुन्हा चुलीवर ठेवून उकळी फुटल्यावर दहा मिनिटे ढवळत राहा. हा वेळ वाचवू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला आड येणारे द्रव्य असते, आणि त्याचा जोर उष्णतेनेच मोडतो.

आच बंद करून पाच मिनिटे थांबा. दोनतीन लिंबांचा रस पेलाभर पाण्यात मिसळून तीन वेळा थोडाथोडा घाला, हलकेच एकदा ढवळा आणि झाकून ठेवा. पहिल्या खेपेस आम्ही घाईने सगळा रस उकळत्या दुधात ओतला आणि जोराने ढवळले; हाती रवाळ चुरा आला. दहा मिनिटांनी गोळे वर आणि पिवळसर निवळ पाणी खाली दिसले की साधले. पाणी अजून पांढरे असेल तर रसाचे आणखी चार थेंब घाला. नंतर रोवळीत ओला पंचा अंथरून गोळे ओता, पंचा दुमडा, वर ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. अर्ध्या तासात सुमारे पाव ते पाऊण किलोच्या दरम्यान, जसा दाब तशी, वडी पडते. थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवली आणि पाणी रोज बदलले, तर तीनचार दिवस टिकते.

जपानी लोक लिंबाऐवजी निगारी वापरतात. निगारी म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडू पाणी. त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडने दूध गोठते. आपल्या कोकणच्या मिठागरांतही असेच पाणी उरते. परंतु ते शुद्ध केल्यावाचून तसेच स्वयंपाकात घालू नये. आपल्याला लिंबू उत्तम.

पंच्यात राहिलेला चोथा फेकू नका. तो अजून कच्चट असतो, म्हणून तव्यावर नीट भाजला जाईल अशा रीतीने थालीपिठाच्या भाजणीत मिसळावा किंवा त्याचे वडे करावेत. खालचे निवळ पाणी निववून खरकटी भांडी भिजवायला वापरावे. असे केले की दाण्यातले काही वाया जात नाही आणि पाव किलो सोयाबीनमागे कचऱ्यात चिमूटभरही पडत नाही.

टोफूने दूध, डाळ हद्दपार करावी, असे आम्ही म्हणत नाही. कोणाला सोयाबीन सोसत नाही, त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. टोफूला स्वतःची चवही फारशी नाही. कांद्यालसणाच्या रश्शात किंवा हिरव्या मिरचीच्या ठेच्यात परतला की तो आपल्या घरचा होतो.

पण ताटातल्या प्रथिनांचा प्रश्न खरा आहे, आणि तो सोडवणारे धान्य आपल्याच शेतकऱ्याच्या घरी पोत्यात पडले आहे. बाजाराने त्याला कोंबडीचे खाद्य ठरवले, म्हणून आपणही ठरवावे काय? येत्या रविवारी एक रोवळी, एक पंचा आणि पाव किलो दाणे घेऊन बसा. बिघडले तर चुऱ्याची भुर्जी करा. साधले तर शेजारणीच्या घरी एक वडी पाठवा. ती काय आहे, हे विचारायला शेजारीण आली की आमच्या व्याख्यानाचे काम झाले.