गणित सोडू नका
(नंदुरबार जिल्ह्यातील एका वसतिगृहात झालेल्या बारावी विज्ञान शाखेच्या गुणगौरव कार्यक्रमातील भाषण)



बारावीला गणितात आणि विज्ञानाच्या विषयांत ज्यांनी चांगले गुण मिळवले, त्यांचा आज सत्कार आहे. शाल आहे, प्रशस्तिपत्र आहे, आणि यंदा समितीने पुष्पगुच्छाऐवजी सायंटिफिक कॅल्क्युलेटर द्यायचे ठरवले आहे. मला हे फार आवडले. पुष्पगुच्छ परतीच्या एसटीतच कोमेजतो.

पालकांना मला आधी एक सांगायचे आहे. गुणपत्रिका सगळ्यांची सारखीच दिसते. शहरातल्या मुलाची आणि तुमच्या मुलीची गुणपत्रिका शेजारी ठेवली, तर त्याचा आकडा मोठा दिसेल. पण तुमची मुलगी घरी मावची बोलते, कोणाची भिली, कोणाची पावरी. पहिलीत गेली तेव्हा मराठी ही तिच्यासाठी दुसरी भाषा होती. दहावीपर्यंत ती मराठीत शिकली, आणि अकरावी विज्ञानला आल्यावर सगळी पुस्तके इंग्रजीत! नववीच्या विज्ञानात तिने 'त्वरण' शिकलेले असते, उदाहरणेही सोडवलेली असतात. अकरावीत सर फळ्यावर 'अ‍ॅक्सलरेशन' लिहितात आणि तिला वाटते, हे काहीतरी नवेच आले, आपल्याला काहीच येत नाही. गोष्ट तीच, नाव बदललेले. एवढे सांगायला शेजारी कोणी नसले की मूल खचते. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत विज्ञान सोडून गेलेली बरीच मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येकांना विषय कळत होता, शब्द कळत नव्हते.

आपल्या अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीवर मोठ्या मुलांनी दोन रकाने काढले आहेत, ते जाताना जरूर पाहा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे तोच शब्द इंग्रजीत: चाल आणि स्पीड, वेग आणि व्हेलॉसिटी, जडत्व आणि इनर्शिया. दरवर्षी नवी मुले त्यात भर घालतात. रंगाचा एक डबा एवढाच त्याचा खर्च. माझ्या मते या वसतिगृहात आजवर झालेला हा सर्वात उपयोगी खर्च आहे, खजिनदारांनी रागावू नये.

आता प्रयोगशाळा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात आणि लेखी परीक्षेचे ७०. ते ३० गुण पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीच्या प्रयोगवहीतून निरीक्षणे उतरवून मिळतात. कोणत्या महाविद्यालयात, ते मी सांगत नाही. पण ज्या मुलाने ब्युरेटची तोटी स्वतःच्या हाताने कधी फिरवली नाही, शेवटच्या एका थेंबाने चंबूतला रंग फिकट गुलाबी होऊन तसाच टिकताना पाहिला नाही, त्याला तीसपैकी अठ्ठावीस दिले तरी काय दिले? आज ज्यांचा सत्कार होतो आहे, त्यांच्यापैकी चौघांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता, शिक्षकांच्या मागे लागून प्रयोगशाळा उघडायला लावली. हे गुणपत्रिकेत छापलेले नाही, म्हणून इथे सांगतो.

विज्ञान घेणाऱ्या आपल्या मुलांपैकी बरीच मुले अकरावीलाच गणित सोडून फक्त जीवशास्त्र ठेवतात. त्यांना सल्लाही तसाच मिळतो: "आपल्या पोरांना गणित जमत नाही, नर्सिंगला घाला." नर्सिंग उत्तमच आहे, आपल्या मुली ते काम मनापासून करतात. पण बारावीला गणित नसले तर अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते, हवाई दल आणि नौदलासाठी एनडीएचा मार्गही बंद होतो. सोळाव्या वर्षी, कोणाच्या तरी एका वाक्यावर, इतकी दारे लावून घ्यायची का?

आणि जमत नाही हे कोणी ठरवले? तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बारडोलीकडे गेले होते. हंगाम संपल्यावर मुकादमाने हिशेब केला: उचल वजा, खावटी वजा, खावटीवरचे व्याज वजा, हातात जवळजवळ काही नाही. नववीतल्या मुलीने त्याची वही मागून घेतली. धान्य दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे उचललेले होते, पण व्याज मात्र सगळ्या धान्यावर पहिल्या दिवसापासून लावलेले! शेवटच्या पंधरवड्यात घेतलेल्या ज्वारीवर सहा महिन्यांचे व्याज. तिने प्रत्येक पोत्याचे दिवस वेगळे मोजले आणि आकडा मांडून दाखवला. मुकादम काही बोलला नाही, पैसे काढून दिले. शेजारच्या दोन कोयत्यांनीही मग आपापला हिशेब तिच्याकडून तपासून घेतला. ही मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव थोड्या वेळाने पुकारले जाईल, तेव्हा तुम्हाला कळेलच.

तिनेच मला एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अडवले. आम्ही १ राजे, सातवा अध्याय वाचला होता, शलमोनाच्या मंदिरातल्या गंगाळसागराचे वर्णन. काठापासून काठापर्यंत दहा हात आणि घेर तीस हात. ती म्हणाली, "भाऊ, व्यास दहा असेल तर घेर एकतीसपेक्षा जास्त यायला पाहिजे." मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेला माणूस. थीटा आणि लॅम्डा ही अक्षरे मला ग्रीकच्या वर्गातून माहीत, पायसुद्धा तिथलेच. पण हा प्रश्न मला सेमिनरीत कोणी विचारला नव्हता. आम्ही पुन्हा अध्याय उघडला. पुढे लिहिले आहे की गंगाळाची जाडी चार बोटे होती. ती म्हणाली, मग व्यास बाहेरून मोजला असेल आणि घेर आतून. एका हातात अशा सहा जाड्या धरून तिने गणित केले, उत्तर सुमारे ३०.४ आले. "अजून थोडा फरक आहे," ती म्हणाली, "त्यांनी पूर्ण आकडाच लिहिला असेल." पवित्र शास्त्राला प्रश्न विचारला म्हणून कोणी तिला रागावले नाही, आणि तिची श्रद्धाही कमी झाली नाही. उलट त्यानंतर आठवडाभर मुले दोरी घेऊन विहिरीचा कठडा, घमेली, भाकरीचा तवा मोजत होती. स्वयंपाकघरातल्या मावशी मात्र कंटाळल्या.

पालकहो, नंदुरबारचे जिल्हाधिकारी राहिलेले डॉ. राजेंद्र भारूड यांचे उदाहरण तुम्ही मुलांना देता. ते भिल्ल समाजातून, साक्री तालुक्यातल्या गावातून आले, आधी डॉक्टर झाले, मग आयएएस. उदाहरण जरूर द्या. फक्त "ते झाले, मग तू का नाही" असे म्हणून मुलांना हिणवू नका.

आता सर्वात महत्त्वाचे, आणि ते अकरावीच्या मुलांसाठी आहे. गेल्या वर्षी आपल्या एका मुलाला अभियांत्रिकीचा प्रवेश गुणांवर मिळत होता. तो अडला जात वैधता प्रमाणपत्रावर. अर्ज उशिरा गेला, मग कार्यालयाने वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकांचे जुने पुरावे मागितले, आणि ते गोळा होईपर्यंत मुदत संपली. वडील शाळेतच गेले नव्हते, तर त्यांचा दाखला कुठून आणणार? अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेच्या आधीपासूनचे वास्तव्य पाहिले जाते. तेव्हा आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्यापैकी कोणाचेही शाळेच्या रजिस्टरमधले नाव, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचा जुना उतारा, जे सापडेल ते शोधायला आत्तापासून लागा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो आधी लक्षात येऊ द्या. तो मुलगा यंदा पुन्हा अर्ज करतो आहे, आणि मधल्या वर्षात त्याने इथल्या दहावीच्या मुलांना भूमिती शिकवली. त्यालाही आज शाल आहे.

कार्यक्रम संपल्यावर अभ्यासिकेत दोन टेबले मांडली आहेत. अकरावीच्या मुलांनी पालकांसह तिथे थांबायचे. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, घरात जुना कागद असेल तो, सगळे दाखवा. झेरॉक्सचे पैसे संस्था देणार आहे. शेवटची एसटी पावणेसहाची आहे, तोपर्यंत सगळ्यांचे कागद पाहून होतील.

आता नावे पुकारतो. आई-वडिलांनीही मुलाबरोबर व्यासपीठावर यायचे आहे.