परिपाठाच्या दिवशी दुखणारं पोट



मी लहान असताना सिन्नरला घरोघरी विड्या वळल्या जायच्या. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायांमध्ये माझी अखंड टकळी चालायची. वर्गात मात्र हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हणायचं, तरी आपला नंबर जवळ येईल तसा घसा कोरडा पडायचा. परिपाठात सुविचार सांगायची पाळी असली की सकाळीच पोट दुखायला लागायचं. ते खरोखर दुखायचं, आणि हेच कुणाला पटायचं नाही. “घरी एवढी चुरूचुरू बोलतेस, मग इथं काय दातखीळ बसते?” असं सगळ्या वर्गासमोर विचारलं जायचं.

लाजाळू मूल नवख्या माणसांत थोडा वेळ गप्प बसतं, मग रुळतं. चारचौघांची धास्ती घेतलेलं मूल रुळत नाही. सगळे आपल्याकडेच बघताहेत, आता हसतील, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. येत असलेलं उत्तर ते देत नाही, मधल्या सुटीत एकटं बसतं, शाळा बुडवायला कारणं शोधतं. पुन्हा कुणाला त्रास देत नाही, म्हणून ‘गुणी’ ठरतं आणि नजरेतून सुटतं. खोड्या करणाऱ्या पोराकडे निदान लक्ष तरी जातं!

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आणि आई त्याला फोक घेऊन विहिरीवर पिटाळते. हा प्रसंग सांगून पुष्कळ पालक म्हणतात, “द्या ढकलून, आपोआप शिकेल.” पण आपल्याकडे विहिरीत पोराला उतरवताना आधी पाठीला डबा बांधतात, तो नेमका बोलण्याच्या बाबतीत विसरला जातो.

अशा मुलाचं नाव परिपाठातून कायमचं काढून टाकणं, ही दयाही कामाची नाही. टाळलं की भीती वाढते. आधी मैत्रिणीबरोबर, कागदात बघून दिनविशेष वाचू द्या. मग तेच एकटीला वाचू द्या. पाठ करून बोलणं पुढे कधीतरी. अडखळली तर शिक्षकांनी वाक्य पुरं करायची घाई करू नये, आणि हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारण्याला जशी बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. मुलाचं वर्गासमोर हसं करणं त्यातच मोडतं, असं मी मानते.

आणि पालकांनो, पाहुणे आले की “म्हणून दाखव गं कविता” हा आग्रह सोडा. पोटदुखी, रडणं, शाळा नको म्हणणं महिनोन्‌महिने चालू राहिलं, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.